पाठवलेला मेसेज जातो, आलेला मात्र रिफ्रेश केल्यावरच दिसतो: मॅटरमोस्ट आणि एन्जिनएक्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठेक माणसांच्या संस्थेसाठी भाड्याच्या सर्व्हरवर मॅटरमोस्ट, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं चॅट, बसवलंय. सर्व्हर दोन कोअरचा, ४ जीबी रॅम, उबुंटू २४.०४. आयपी पत्ता आणि ८०६५ पोर्ट टाकून उघडलं की सगळं नीट चालतं. डोमेन जोडलं, पुढे एन्जिनएक्स (ब्राउझरच्या विनंत्या मॅटरमोस्टकडे पोचवणारा मधला सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी) लावला, ब्राउझरमध्ये कुलूप दिसायला लागलं, लॉगिनही होतं. पण समोरच्याने लिहिलेलं रिफ्रेश केल्याशिवाय दिसत नाही, वर वेबसॉकेट पोर्ट तपासायला सांगणारी पट्टी येते आणि तीन एमबीची पीडीएफ चढत नाही. शिवाय मराठी शब्द शोधले तर अर्धेच मेसेज सापडतात. एन्जिनएक्सची फाइल सोबत दिली आहे आणि शेवटी विचारलंय, ‘रॅम ८ जीबी करू का?’

रॅमला हात लावू नका. साठ माणसांच्या मजकुरी गप्पा आणि फोटोंना ४ जीबी भरपूर झाली. मेमरी कमी पडली की अख्खं चॅट अडखळतं, किंवा कर्नल पोस्टग्रेस (मॅटरमोस्टचा डेटाबेस) नाहीतर मॅटरमोस्टची प्रोसेस मारून टाकतो आणि सगळंच बंद पडतं. पाठवणं व्यवस्थित आणि येणं तेवढं बंद, इतक्या शिस्तीत मेमरी कधी बिघडत नाही. तरी खात्री हवी असेल तर ‘फ्री’ आज्ञेतला ‘अव्हेलेबल’चा रकाना बघा, ‘फ्री’चा नको. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींच्या कॅशला वापरतो, त्यामुळे तो आकडा कायम घाबरवणाराच असतो.

तुमचा प्रॉब्लेम चॅटच्या आत नाही, वाटेत आहे. मॅटरमोस्टमध्ये मेसेज पाठवणं आणि मेसेज येणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. तुम्ही एंटर दाबता तेव्हा साधी एचटीटीपी विनंती जाते, उत्तर येतं, विषय संपतो. दुसऱ्याचा मेसेज येतो तो मात्र वेबसॉकेटवरून. पान उघडताना ब्राउझर सर्व्हरला म्हणतो, ‘हे कनेक्शन आता बंद करू नकोस, काही नवं आलं की यावरच सांग.’ सर्व्हरने १०१ क्रमांकाचं उत्तर दिलं की तेच कनेक्शन दिवसभर उघडं राहतं. फोन उचलून ठेवल्यासारखंच ते. वेबसाइट पुरवणारी बाकीची यंत्रणा, म्हणजे प्रॉक्सी, सीडीएन, लोड बॅलन्सर, ऑफिसातला फायरवॉल, ही सगळी ‘विचारलं, सांगितलं, ठेवलं’ अशा छोट्या कामासाठी सजवलेली असते. तिला न सांगता उघडी लाइन पुढे सरकत नाही. आयपी आणि ८०६५ वरून चालतं, कारण तिथे मध्ये कोणी नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. डिरेक्टिव्हची, म्हणजे फाइलमधल्या सूचनांची, नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायची.

आता तुमची फाइल. गंमत अशी की हव्या त्या ओळी तुम्ही टाकल्या आहेत. चुकीच्या जागी टाकल्या आहेत, एवढंच. गाळून-गाळून ती अशी उरते:

सर्व्हर {
    प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१;
    प्रॉक्सी_सेट_हेडर अपग्रेड $एचटीटीपी_अपग्रेड;
    प्रॉक्सी_सेट_हेडर कनेक्शन "अपग्रेड";

    लोकेशन / {
        प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट;
        प्रॉक्सी_पास एचटीटीपी://१२७.०.०.१:८०६५;
    }
}

वाचताना काहीच खटकत नाही. एन्जिनएक्सच्या तपासणीतही फाइल ‘ओके’ येते. पण प्रॉक्सी सेट हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ (हेडर) लावणारी सूचना, हिचा वारसानियम विचित्र आहे. आतल्या ब्लॉकमध्ये या डिरेक्टिव्हची एकही ओळ नसेल, तरच वरच्या ब्लॉकमधल्या ओळी खाली उतरतात. आत एक जरी लिहिली, तरी वरच्या सगळ्या रद्द होतात, बेरीज होत नाही. वेगळी चूल मांडली की किराणा सगळा आपला आपण भरायचा, तांदूळ आपले आणि डाळ सासूबाईंच्या डब्यातली असं चालत नाही, तसं. लोकेशनमध्ये तुम्ही होस्टची ओळ लिहिलीत आणि त्या क्षणी अपग्रेड आणि कनेक्शन दोन्ही गेल्या. व्हर्जनची ओळ मात्र टिकली, कारण तिचा वारसा नेहमीसारखा चालतो. त्यामुळे फाइल अर्धी बरोबर आणि अर्धी चूक अशा अवस्थेत आहे आणि म्हणून चूक नजरेला पडत नाही.

या ओळी मुळात लागतात का, तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी नेटवरून फाइल उचलताना काय शोधायचं ते कळेल. अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर एका टप्प्यापुरतेच असतात. ब्राउझर ते एन्जिनएक्स हा एक टप्पा, एन्जिनएक्स ते मॅटरमोस्ट हा दुसरा. पहिल्या टप्प्यावरचे हे हेडर प्रॉक्सी दुसऱ्या टप्प्यावर आपणहून नेत नाही, ते पुन्हा हाताने लावावे लागतात. व्हर्जनचं कारण वेगळं. उबुंटूबरोबर येणारा एन्जिनएक्स मागच्या सर्व्हरशी मुळात एचटीटीपी १.० मध्ये बोलतो आणि १.० मध्ये अपग्रेडची सोयच नाही. अपग्रेड आणि कनेक्शन यांतला एक हेडर जरी राहिला, तरी मॅटरमोस्टला वेबसॉकेटच्या पत्त्यावर एक साधी विनंती आलेली दिसते आणि तो ४०० देऊन परत पाठवतो.

दुरुस्ती करताना मी दोन लोकेशन ठेवतो. एक फक्त वेबसॉकेटच्या पत्त्यासाठी, म्हणजे ‘एपीआय’, ‘व्ही४’ आणि ‘वेबसॉकेट’ असे तुकडे असलेल्या पत्त्यासाठी, आणि दुसरं बाकी सगळ्यासाठी. एकाच लोकेशनमध्ये सगळं कोंबलं तरी चालतं, पण मग साध्या विनंत्यांनाही ‘कनेक्शन अपग्रेड’ जातो आणि टाइमआउट वेगळे ठेवता येत नाहीत. दोन्हीकडे लागणारे चार हेडर, म्हणजे होस्ट, एक्स-रिअल-आयपी, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो, एका छोट्या फाइलमध्ये लिहून ती एन्जिनएक्सच्या ‘स्निपेट्स’ फोल्डरमध्ये टाका आणि दोन्ही लोकेशनमध्ये ‘इन्क्लूड’ने ओढा. इन्क्लूड म्हणजे मजकूर तिथे चिकटवणं, त्यामुळे सगळे हेडर एकाच पातळीवर येतात आणि वारशाची भानगडच राहत नाही. वेबसॉकेटच्या लोकेशनमध्ये त्याखाली व्हर्जन १.१, अपग्रेड, कनेक्शन आणि प्रॉक्सी रीड टाइमआउट ६०० सेकंद. सर्व्हर ब्लॉकच्या पातळीवर प्रॉक्सी सेट हेडरची एकही ओळ ठेवू नका.

फाइल वाचवली की आधी तपासणी, मग रीलोड. आणि तपासणी छोट्या ‘टी’ने करता तशी एकदा मोठ्या ‘टी’नेही करा. छोटा ‘टी’ फक्त व्याकरण बघतो. मोठा ‘टी’ सगळ्या इन्क्लूडसकट एन्जिनएक्स खरोखर जे वाचतोय ते छापून दाखवतो. ‘साइट्स-अव्हेलेबल’मधली फाइल सुधारत बसायचं आणि ‘साइट्स-एनेबल्ड’मध्ये लिंकऐवजी कॉपी पडलेली असायची, हे फार वेळा घडतं. अशा वेळी माणूस तासन्‌तास ज्या फाइलशी झगडतो, ती एन्जिनएक्सने कधी उघडलेलीच नसते.

मग ब्राउझरमध्ये एफ१२, नेटवर्क टॅब, त्यात ‘डब्ल्यूएस’चा फिल्टर लावा आणि पान पुन्हा उघडा. ‘वेबसॉकेट’ नावाची एक ओळ दिसली पाहिजे. तिच्यासमोर १०१ असेल तर काम झालं. त्या ओळीवर क्लिक करून ‘मेसेजेस’ उघडा आणि दुसऱ्या माणसाला काही टाइप करायला सांगा. तो टाइप करतोय याची नोंद तिथे लगेच उमटते. फायरफॉक्समध्ये टॅबचं नाव वेगळं आहे, पण दिसतं तेच.

१०१ सोडून दुसरं काही दिसलं तर आकडाच बोट दाखवतो. ४०० म्हणजे अपग्रेड अजून पोचत नाहीये. ४०३ म्हणजे बहुतेक मॅटरमोस्टला तुमचा पत्ता अनोळखी वाटतोय. ३०१ म्हणजे कुठेतरी रीडायरेक्ट आहे, आणि वेबसॉकेट जोडताना ब्राउझर रीडायरेक्टच्या मागे जात नाही, तिथेच हात टेकतो. ४०४ आला तर विनंती भलत्याच सर्व्हर ब्लॉकने उचलली, बहुतेक एन्जिनएक्सबरोबर आलेल्या ‘डीफॉल्ट’ साइटने. ५०२ म्हणजे मॅटरमोस्टच उभा नाही, किंवा एन्जिनएक्स चुकीच्या पोर्टावर ठोठावतोय. सर्व्हरवरूनच ‘कर्ल’ने १२७.०.०.१, पोर्ट ८०६५ आणि ‘सिस्टम पिंग’चा एपीआय पत्ता मारलात की उत्तरात ‘ओके’ येतं की नाही यावरून ते दोन घटकांत कळतं.

४०३ चं कारण, म्हणजे अनोळखी पत्ता, याला जरा वेळ द्या. सिस्टम कन्सोलमध्ये ‘साइट यूआरएल’ नावाची सेटिंग आहे. तिथे तुमचा पूर्ण पत्ता हवा, एचटीटीपीएससकट, शेवटी तिरकी रेघ न देता. वेबसॉकेट उघडताना ब्राउझर आपण कुठल्या साइटवरून आलो ते सांगतो आणि मॅटरमोस्ट ते पडताळतो. साइट यूआरएलमध्ये अजून जुना आयपी आणि ८०६५ असेल तर तो सुधारा, आणि एन्जिनएक्सने होस्ट पुढे दिला नसेल तर लाइन नाकारली जाते आणि लॉगमध्ये सीओआरएसचा (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंत्यांच्या नियमाचा) उल्लेख सापडतो. माणसं कधी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावून येतात, कधी न लावता, तेही टाळा. एकच पत्ता ठरवा आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर पाठवा.

तुम्ही डॉकर (प्रोग्रॅम तयार डब्यात चालवणारी सोय) वापरलंय की टारबॉल (फाइलींचं गाठोडं) उलगडून बसवलंय, ते प्रश्नात नाही. डॉकर असेल तर साइट यूआरएल बहुधा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येतोय आणि तो कन्सोल व कॉन्फिग फाइल दोन्हींवर मात करतो. कन्सोलमधली ती चौकट करड्या रंगाची दिसली आणि बदलता येईना, तर मूल्य कंपोजच्या, म्हणजे डॉकरच्या मांडणीच्या, फाइलमध्ये शोधा. टारबॉल असेल तर ‘ऑप्ट’ फोल्डरातल्या मॅटरमोस्टमधली कॉन्फिग डॉट जेसन. हाताने बदलताना शेवटच्या ओळीपुढचा एक जादा स्वल्पविरामही सेवा उठू देत नाही, आणि रूट म्हणून नवी फाइल बनवली असेल तर मालकी पुन्हा मॅटरमोस्ट यूजरला द्यायला विसरू नका.

समजा १०१ येतो, पण लाइन थोड्या वेळाने तुटते. हा वेगळा आजार आहे आणि याचं निदान घड्याळ लावून होतं. बरोबर साठ सेकंदांनी तुटत असेल तर कुणाचा तरी टाइमआउट आहे. एन्जिनएक्सचा रीड टाइमआउट मुळात ६० सेकंदांचाच असतो, ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचाही. मधल्या एका टप्प्यावर ६०० केलं आणि दुसरा ६० वर राहिला तर उपयोग शून्य, सगळ्यात छोटा आकडाच जिंकतो. वेळ ठरलेली नसेल आणि एकाच ऑफिसातल्या लोकांचं तुटत असेल, तर एकाला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून बघा. तिथे टिकलं तर दोष तुमच्या सर्व्हरचा नाही, त्या ऑफिसच्या फायरवॉलचा किंवा एचटीटीपीएस उकलून बघणाऱ्या अँटिव्हायरसचा आहे. डोमेनपुढे क्लाउडफ्लेअरचा नारिंगी ढग चालू असेल तर वेबसॉकेट तिथून जातं, अडचण नाही. पण एसएसएलचा प्रकार ‘फ्लेक्सिबल’ ठेवू नका. त्यात क्लाउडफ्लेअर तुमच्याकडे साध्या एचटीटीपीने येतो, तुमचा एन्जिनएक्स त्याला एचटीटीपीएसकडे ढकलतो आणि दोघं गोल फिरत राहतात.

पीडीएफचं कोडं सोपं आहे. एन्जिनएक्स विनंतीचा मजकूर मुळात १ एमबीपर्यंतच घेतो, त्यापुढे ४१३, म्हणजे ‘फार मोठं’. सर्व्हर ब्लॉकमध्ये ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइज’ ५० एमबी करा. याचा वारसा सरळ आहे, आत आपोआप उतरतो. मॅटरमोस्टची स्वतःची मर्यादा मुळात १०० एमबी असते. ती कन्सोलमधून एन्जिनएक्सएवढीच किंवा किंचित कमी ठेवा, म्हणजे फाइल मोठी झाली तर माणसाला मॅटरमोस्टचा समजेल असा संदेश दिसेल, अर्ध्यावर अडकलेली निळी पट्टी नाही. मर्यादा सढळ हाताने वाढवण्याआधी जरा हिशेब करा. साठ जणांनी रोज सरासरी ५ एमबी टाकले तर दिवसाला ३०० एमबी, महिन्याच्या २५ दिवसांना साडेसात जीबी. ८० जीबीची डिस्क वर्ष संपायच्या आत भरते. आणि डिस्क भरली की नुसत्या अटॅचमेंट अडत नाहीत, पोस्टग्रेसही लिहिणं थांबवतो आणि मग चॅट, लॉगिन सगळंच बसतं. व्हिडिओ चॅटमध्ये टाकू नका, ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. नंतर कोणी ऐकत नाही.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या प्रश्नातच आहे. आयपी आणि ८०६५ वरून ‘सगळं नीट चालतं’ म्हणजे तो पोर्ट अजून जगाला उघडा आहे. तिथून लॉगिन केलं तर पासवर्ड उघड्यावर जातो, कुलूप फक्त ४४३ वर आहे. मॅटरमोस्टचा ‘लिसन ॲड्रेस’ १२७.०.०.१ आणि ८०६५ असा करा, म्हणजे तो फक्त त्याच यंत्रावरून ऐकेल. प्रॉक्सी पासमध्येही ‘लोकलहोस्ट’ न लिहिता १२७.०.०.१ च ठेवा. लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही६ मध्येही लागतो आणि मग एरर लॉगमध्ये ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’च्या ओळी विनाकारण साचतात. फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढेच उघडे. डॉकरवाल्यांसाठी मात्र इथे खड्डा आहे. डॉकर आपले पोर्ट उघडताना यूएफडब्ल्यूच्या (उबुंटूच्या फायरवॉलच्या) नियमांना वळसा घालतो. यूएफडब्ल्यू ८०६५ बंद दाखवत असतो आणि पोर्ट बाहेरून खुशाल उघडा असतो. कंपोजमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहिणं हाच त्यावर इलाज. बाहेरून, म्हणजे मोबाइल डेटावरून, तपासल्याशिवाय बंद झाला असं समजू नका.

८० का उघडा ठेवायचा? सर्टबॉट हा प्रोग्रॅम लेट्स एन्क्रिप्टचं, म्हणजे कुलूप दाखवणारं, प्रमाणपत्र बहुधा त्याच वाटेने ताजं करतो. सध्याच्या नेहमीच्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची. ८० बंद केलात तर आज काहीच होणार नाही, आणि तीन महिन्यांनी एका सकाळी साठही जणांना लाल पान दिसेल. ‘ड्राय रन’ देऊन नूतनीकरण आत्ताच करून बघा. एन्जिनएक्सला प्रमाणपत्राची फाइल देताना ‘फुलचेन’ द्या, नुसती ‘सर्ट’ नको. नुसती दिली तर कॉम्प्युटरवरचा ब्राउझर बऱ्याचदा मधलं प्रमाणपत्र स्वतः मिळवून वेळ मारून नेतो आणि फोनमधलं ॲप मात्र सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही. ‘वेबवर चालतं, ॲपमध्ये नाही’ अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हेच बघतो.

एन्जिनएक्सच्या वर्कर कनेक्शनचा (एक वर्कर एका वेळी किती कनेक्शन धरतो त्याचा) आकडाही कोणीतरी वाढवायला सांगेल, म्हणून हिशेब देऊन ठेवतो. उबुंटूवर तो ७६८ असतो, दोन कोअरना दोन वर्कर, म्हणजे एकूण १५३६. एका वेबसॉकेटला दोन कनेक्शन लागतात, एक ब्राउझरकडचं आणि एक मॅटरमोस्टकडचं. साठ जण, प्रत्येकाचा लॅपटॉप आणि फोन, म्हणजे १२० लाइन आणि २४० कनेक्शन. बदल करायची गरज नाही. पाचशे माणसं झाली तर हाच हिशेब २००० वर जातो, तेव्हा वाढवा. एन्जिनएक्स वारंवार रीलोड करत बसू नका. जुना वर्कर त्याच्याकडच्या उघड्या लाइन संपेपर्यंत मरत नाही आणि चॅटच्या लाइन लवकर संपत नसतात. ‘शटिंग डाउन’ म्हणणारे पाच-सहा वर्कर मेमरी अडवून बसलेले दिसले तर ‘वर्कर शटडाउन टाइमआउट’ला एक मर्यादा द्या.

मराठी शोधाचं उत्तर जरा निराश करणारं आहे. मॅटरमोस्टचा शोध पोस्टग्रेसच्या फुल टेक्स्ट सर्चवर चालतो आणि त्याला मराठी विभक्ती कळत नाहीत. ‘पावती’ शोधलं की ‘पावती’ मिळेल, ‘पावत्या’ आणि ‘पावतीवर’ मिळणार नाहीत, कारण त्याच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत. यावर उपाय शब्दाच्या शेवटी तारांकन लावण्याचा, पण शब्द कुठे तोडायचा ते डोकं लावून ठरवा. ‘पावती’ला तारा लावला तर ‘पावतीवर’ येईल, पण ‘पावत्या’ येणार नाही. ‘पावत’ला लावला तर तिन्ही येतील. ‘सभा’ आणि ‘सभेला’ एकत्र हवे असतील तर ‘सभ’ एवढंच लिहून तारा. मूळ बदलणाऱ्या शब्दांत शेवटचा स्वर सोडायचा, असं लोकांना सांगितलं की पुरतं. ठरलेल्या विषयांना हॅशटॅग लावायची सवय लागली तर आणखी बरं.

ईमेलचं एक आत्ताच उरका, कारण पासवर्ड विसरलेला पहिला माणूस उद्याच येणार आहे. भाड्याच्या सर्व्हरवरून २५ पोर्टने बाहेर मेल जाणं अनेक ठिकाणी बंद असतं. एसएमटीपीला (मेल पाठवण्याच्या सेटिंगला) ५८७ पोर्ट आणि स्टार्टटीएलएस निवडा. जीमेलचं खातं वापरणार असाल तर टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागेल, नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आणि मॅटरमोस्टमध्ये पहिलं खातं उघडणारा आपोआप सिस्टम ॲडमिन होतो. तुमचं ते झालंय असं धरतो, पण पुन्हा कधी कोरी प्रत बसवाल तेव्हा लिंक ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःचं खातं उघडा.

बॅकअप तीन गोष्टींचा: पोस्टग्रेसचा डम्प (डेटाबेसची पूर्ण प्रत), ‘डेटा’ फोल्डर आणि कॉन्फिग फाइल. क्रम महत्त्वाचा, आधी डम्प, मग फाइली. डम्प आधी घेतला की त्यात उल्लेख असलेली प्रत्येक फाइल नंतरच्या कॉपीत असतेच, फार तर दोन-चार जादा येतील. उलट केलं तर मधल्या काळात चढवलेल्या फाइलींचे मेसेज असतील आणि फाइली नसतील. रात्री अडीच-तीनला क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीने) लावा, पण आधी सर्व्हरचं घड्याळ बघा. ते बहुधा यूटीसीवर असतं आणि तिथले रात्रीचे तीन म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे, दुसऱ्या यंत्रावर हलवा. आणि महिन्यातून एकदा कोऱ्या यंत्रावर उलगडून बघा.

त्या उलगडण्यात दोन अडथळे हमखास येतात. पोस्टग्रेस १५ पासून साध्या यूजरला ‘पब्लिक’ स्कीमात टेबल बनवायचा हक्क आपोआप मिळत नाही, आणि उबुंटू २४.०४ वर पोस्टग्रेस १६ आहे. डेटाबेसची मालकीच मॅटरमोस्टच्या यूजरला दिली की प्रश्न मिटतो. दुसरा अडथळा पासवर्डचा. डेटाबेसचा पत्ता यूआरएलच्या रूपात लिहिला जातो, त्यामुळे पासवर्डात ॲटचं चिन्ह, हॅश किंवा तिरकी रेघ असली की पत्ता तिथेच तुटतो आणि एरर मात्र होस्ट सापडत नसल्याची येते. ॲटच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि ४० लिहायचं, किंवा सरळ अक्षरं आणि आकडे एवढाच, पण लांबलचक पासवर्ड ठेवायचा. मी दुसरा मार्ग घेतो.

तर आधी फक्त हेडरची दुरुस्ती आणि बॉडी साइज एवढंच करा, बाकी काही हलवू नका, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. त्यानंतरही नेटवर्क टॅबमध्ये ४०० किंवा ४०३ च दिसत असेल तर तीन गोष्टी पाठवा: मोठ्या ‘टी’च्या आउटपुटमधला तुमचा सर्व्हर ब्लॉक, साइट यूआरएलची ओळ, आणि पान उघडताना मॅटरमोस्टच्या लॉगमध्ये त्याच सेकंदाला पडलेली ओळ. डेटाबेसचा पासवर्ड आणि खरं डोमेन त्यातून खोडून मगच.